अंधार फुकट, उजेड विकत

शहराखालच्या शेतीची बातमी आली की तिच्यासोबतचा फोटो ठरलेला असतो. लांबलचक बोगदा, दोन्ही बाजूंना मांडण्या, मांडण्यांवर कोवळी हिरवी पानं आणि सगळ्यावर जांभळट-गुलाबी उजेड. पांढरा कोट घातलेला एखादा तरुण हसत उभा असतो आणि खाली ओळ असते, 'उद्याची शेती'. गेली दहा-बारा वर्षं हा फोटो फिरतो आहे, शहर तेवढं बदलतं. मला दर वेळी त्या दिव्यांचं बिल बघावंसं वाटतं. ते मात्र कोणी छापत नाही.

जमिनीखाली अन्न पिकवणं नवीन नाही, आणि खूळ तर अजिबात नाही. पॅरिसने हा उद्योग दोनशे वर्षांपूर्वी केला आणि त्यावर पैसेही कमावले. त्या शहराच्या दगडी इमारती उभ्या राहिल्या त्या शहराच्याच पोटातला चुनखडक काढून. शतकानुशतकं दगड काढल्यावर खाली शेकडो किलोमीटरच्या पोकळ्या राहिल्या. 1774 मध्ये एक रस्ताच खाली बसला, तेव्हा राजा जागा झाला आणि 1777 मध्ये खाणींच्या देखरेखीसाठी वेगळं खातं निघालं. पुढे त्यातल्या काही भागांत दफनभूमीतली हाडं नेऊन रचली. पर्यटक आज रांग लावून बघतात ती हीच जागा. उरलेल्या खाणींत शिरले अळंबीवाले.

सुरुवात कुणी केली याबद्दल शांब्री नावाच्या माळ्याचं नाव घेतलं जातं. काळ 1810 च्या आसपासचा. बटण अळंबी तोवर वर, वाफ्यांत पिकत असे आणि ऋतूवर अवलंबून असे. खाणीत उन्हाळा नाही, हिवाळा नाही. बारा महिने हवा सारखीच गार आणि दमट. खत म्हणाल तर शहरात हजारो घोडे, त्यांची लीद कुठे टाकायची हीच पंचाईत. ती लीद ढीग करून कुजवायची. आतून इतकी तापते की हात घालवत नाही. उलथापालथ करून ती निवली की खाली नेऊन गुडघ्याएवढ्या उंचीचे लांब वरंबे घालायचे, त्यांत अळंबीचं बियाणं खोचायचं आणि वरून खाणीतल्याच चुनखडकाच्या भुकटीचा थर द्यायचा. काही आठवड्यांत वरंब्यावर पांढऱ्या गोळ्या दिसू लागत. घोड्याची घाण, खाणीची भुकटी आणि फुकटातला अंधार यांतून 'शांपिन्यों द पारी', म्हणजे पॅरिसची अळंबी, जगभर गेली. 19 व्या शतकाच्या उत्तरार्धात या धंद्यात शेकडो माणसं होती.

मग मेट्रोचं खोदकाम आलं, वर वस्ती वाढली, घोड्यांच्या जागी मोटारी आल्या. अळंबीवाले आधी उपनगरांत आणि पुढे बरेचसे लुआर नदीकाठच्या सोमूर परिसरातल्या जुन्या खाणींत गेले. पॅरिसच्या आसपास आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. 'पॅरिसची अळंबी' आज मुख्यतः पॅरिसबाहेरच पिकते आणि जगात सगळ्यांत जास्त अळंबी चीन पिकवतो.

अलीकडची गोष्टही पॅरिसचीच आहे. शहराच्या उत्तर टोकाला पोर्त द ला शापेल भागात स्वस्त घरांच्या एका वसाहतीखाली मोटारींसाठी प्रशस्त तळघर बांधलेलं होतं. बांधणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं की प्रत्येक कुटुंबाकडे गाडी येणार. तसं झालं नाही. पॅरिसमधल्या निम्म्याहून जास्त कुटुंबांकडे आज गाडी नाही. तळघर ओस पडलं आणि अमली पदार्थांच्या धंद्यासाठी बदनाम झालं. 2016 मध्ये महापालिकेने शेतीसाठी रिकाम्या जागा देऊ करणारी 'पारीक्युलतर' ही योजना काढली. त्यातून सिक्लोपोनिक्स या छोट्या कंपनीला हे तळघर मिळालं, आणि 2017 मध्ये तिथे 'ला कॅव्हर्न' म्हणजे गुहा या नावाने शेत सुरू झालं. पिकं कोणती? शिताके आणि धिंगरी अळंबी, थोडा कोवळा पाला, आणि आँदीव्ह.

आँदीव्ह आपल्याकडे फारशी कुणी खाल्लेली नसते, म्हणून थोडं थांबतो. बोटभर ते वीतभर लांबीचा, पानं घट्ट मिटलेला, पांढरा-पिवळसर कोंब. चवीला किंचित कडू. तो चिकोरीच्या मुळापासून येतो. बी वसंतात शेतात पेरतात, झाड उन्हाळाभर उघड्यावर वाढतं. शरदात पानं छाटून मुळं काढतात आणि शीतगृहात ठेवतात. मग लागतील तशी ती मुळं अंधाऱ्या खोलीत पाण्याच्या ट्रेमध्ये उभी करायची. तीनेक आठवड्यांत प्रत्येक मुळाला एक कोंब. नवरात्रात घटाभोवतीच्या मातीत पेरलेलं धान्य देवघरातल्या अर्धवट उजेडात पिवळं आणि लांबट येतं, तोच हा प्रकार, फक्त इथे तो मुद्दाम आणि विकण्यासाठी केलेला. उजेड लागला तर कोंब हिरवा होतो, कडूपणा वाढतो आणि भाव पडतो. म्हणजे अंधार ही इथे अडचण नाही. कारखाना अंधाराचाच आहे.

युरोपातला एक नियम मला यासाठी आवडतो. तिथे सेंद्रिय शिक्का हवा तर पीक जिवंत मातीतच वाढलेलं पाहिजे. पाण्यावरच्या शेतीला तो मिळत नाही. त्यात जे थोडे अपवाद आहेत त्यांत दोन असे : भिजवून काढलेले मोड आणि आँदीव्हचे कोंब. (आपली मोडाची मटकी, दाणा सेंद्रिय असेल तर, ब्रुसेल्सच्या कायद्यात बसते.) नियम करणाऱ्यांनी नेमकं ओळखलं की मोड आणि कोंब तळघरात फक्त पूर्ण होतात. त्यांचं खरं पीक आधीच शेतात, उन्हात निघालेलं असतं.

या विषयात मला म्हणायचं आहे ते एवढंच. अन्नातली ऊर्जा कुठून तरी यावीच लागते. धिंगरीची ऊर्जा गव्हाच्या काडात असते, बटण अळंबीची लिदीत आणि भुशात, आँदीव्हची मुळात, मोडांची दाण्यात. हा सगळा उन्हाचा साठा आहे, शेतकऱ्याने वर केलेला. तो पोत्यात भरून जिना उतरला की पुढचं काम अंधारात होतं. ज्या पिकाजवळ असा साठा नाही, त्याला तळघरात ऊन द्यावं लागतं, आणि ते ऊन तारेतून येतं, मीटरमधून मोजून.

मीटरवर किती पडतं ते गव्हाच्या उदाहरणावर मांडून बघू. किलोभर गव्हात साधारण 3400 किलोकॅलरी असतात, म्हणजे विजेच्या भाषेत चारेक युनिट. आता हात सैल सोडून गृहीतकं धरा. चांगला एलईडी दिवा 100 युनिट विजेतल्या 70 युनिटांचा उजेड करतो. त्यातला दहावा हिस्सा, म्हणजे 7 युनिट, झाडाच्या अंगी लागतो. प्रत्यक्षात इतकं क्वचित जमतं. त्यातलं निम्मं काड आणि मुळं घेऊन जातात, दाण्यात साडेतीन उरतात. चार युनिटांचा गहू हवा तर सुमारे 115 युनिट वीज जाळावी लागते. युनिटला दहा रुपये धरले तर किलोला साडेअकराशे. पंखे, पंप, थंडावा, भाडं आणि मजुरी यांचा हिशेब अजून केलेलाच नाही. 2025-26 च्या रब्बी विपणन हंगामात गव्हाचा हमीभाव होता क्विंटलला 2425 रुपये. किलोला सव्वाचोवीस.

म्हणून त्या फोटोंत कधी गहू, तूर, बटाटा दिसत नाही. दिसतो तो पाला. सॅलडचा पाला म्हणजे बहुतांशी पाणी, किलोत दीडदोनशे किलोकॅलरी. ऊर्जा कमी साठवायची म्हणून दिव्याचा खर्च आवाक्यात येतो आणि श्रीमंत शहरात त्याला भाव मिळतो. याला 'जगाची भूक भागवणारी शेती' म्हणणं मला पटत नाही. कोथिंबिरीने भूक भागत नाही.

लंडनचं उदाहरण याच हिशेबात बघायला हवं, कारण ते हुशारीने केलेलं होतं. दुसऱ्या महायुद्धात भुयारी रेल्वेच्या स्थानकांखाली खोल आसरे खोदले गेले होते, प्रत्येकात आठ हजार माणसं मावतील असे. क्लॅपहॅम भागातला असा एक आसरा जमिनीखाली 33 मीटरवर. रिचर्ड बॅलार्ड आणि स्टीव्हन ड्रिंग या दोघांनी तिथे 'ग्रोइंग अंडरग्राउंड' सुरू केलं. 2015 पासून त्यांचा माल बाजारात आला. पिकं निवडली ती वाटाण्याचे कोंब, मुळा, मोहरी, कोथिंबीर, सगळी अगदी कोवळी असतानाच कापायची. कोवळा पाला पहिले काही दिवस दाण्यातल्या साठ्यावरच वाढतो, म्हणजे निम्मी वाट फुकटात. दिवे ते रात्री लावत, कारण रात्री वीज स्वस्त असते. आणि दिव्यांच्या उष्णतेनेच बोगदा उबदार राही. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्या तापमानाचा, दमटपणाचा अनेक वर्षं अभ्यास केला. जमिनीखाली हवा खेळती ठेवणं हेच सगळ्यांत कटकटीचं काम असतं हे तिथेही दिसलं.

बाकीच्यांचं काय झालं? स्टॉकहोममध्ये एका उंच इमारतीच्या तळघरात प्लांटागॉन कंपनीने 2018 मध्ये शेत काढलं. दिव्यांची उष्णता इमारतीला द्यायची अशी कल्पना होती. कल्पना चांगली होती. 2019 च्या सुरुवातीला कंपनीचं दिवाळं निघालं. तळघरातल्या नसल्या तरी त्याच दिव्यांवर चालणाऱ्या अमेरिकन कंपन्यांकडे बघा : एअरोफार्म्सने 2023 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, बोअरीने 2024 मध्ये गाशा गुंडाळला, प्लेंटीचा अर्ज 2025 मध्ये. गुंतवणूकदारांचे कोट्यवधी डॉलर पाल्यात गेले. सोलमध्ये सांगदो मेट्रो स्थानकात 2019 पासून काचेआड पाला पिकवून प्रवाशांना सॅलड विकतात. ते दुकान म्हणून छान आहे. शेती म्हणून त्याच्याकडे बघू नये.

पाण्याची बचत, औषधफवारणीची गरज नसणं, पावसापाण्याची भीती नसणं हे या शेतीचे फायदे खरे आहेत, ते नाकारत नाही. पण पाणी वाचवायचं तर ठिबक आहे, शेडनेट आहे, आणि त्यांच्या डोक्यावर सूर्य आहे.

मग आपल्याकडे काय? जमिनीखालच्या जागेचा अन्नासाठी उपयोग महाराष्ट्राला शिकवायला नको. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं प्रसिद्ध आहेत. अरुंद तोंडाचा खोल खड्डा, आत हळद, तोंड बंद. किडीला हवा मिळत नाही, हळद वर्षानुवर्षं टिकते. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नाही, आधी ते काही तास मोकळं ठेवतात, कारण आतल्या कोंदट हवेत माणूस गुदमरून मरतो. अळंबीवाल्यालाही हेच भान लागतं. अळंबी श्वास घेते, कर्बवायू सोडते. तळघरात तो साचला तर धिंगरीचे देठ लांबतात, छत्री बारीक राहते, आणि बाजार तो माल घेत नाही. 2005 च्या पुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरून मोठं नुकसान झालं, हेही विसरायचं नाही. आपल्या शहरांतल्या तळघरांत पहिल्या मोठ्या पावसात काय होतं ते रहिवासी सांगतील.

तरीही एखाद्या महापालिकेने प्रयोग करायचाच ठरवला, तर तो धिंगरीचा करावा. आपल्याकडे सोयाबीनचं कुटार आणि गव्हाचं काड मुबलक आहे. बरंच वाया जातं किंवा जळतं. काड भिजवायचं, गरम पाण्यात निर्जंतुक करायचं, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत थराथराने अळंबीच्या बियाण्यासह (स्पॉन) भरायचं आणि पिशव्या टांगायच्या. पहिले दोन-तीन आठवडे अंधारच हवा. पांढरी बुरशी पिशवीभर पसरली की हवा, दमटपणा आणि अगदी मंद उजेड. एका किलो कोरड्या काडाला अर्ध्या किलोच्या पुढे ताजी धिंगरी येते. अनेक गावांत बचत गटांच्या बायका हे शेडमध्ये करतातच. एप्रिल-मे महिन्यात त्यांची शेड तापते आणि उत्पादन बसतं. गार तळघराचा फायदा असेल तर तो याच दोन महिन्यांत आहे.

अडचणी आधीच सांगून ठेवतो. धिंगरीची बीजुकं हवेत उडतात आणि छातीचा त्रास देतात, म्हणून रोज काम करणाऱ्याला मास्क लागतो आणि वर माणसं राहत असतील तर हवा बाहेर काढायची वेगळी वाट लागते. आपल्या बांधकाम नियमांत तळघर मुख्यतः गाड्या, सामान आणि यंत्रं यांच्यासाठी असतं. तिथे सुक्या काडाचे ढीग रचले तर अग्निशमन दल हरकत घेईल, आणि ती रास्त असेल. काड बाहेर भिजवूनच आत आणायचं एवढी साधी अटही पुरे.

दिव्यांचा प्रकल्प घेऊन कुणी महापालिकेच्या दारात आलं, तर नगरसेवकांनी आणि अधिकाऱ्यांनी सादरीकरण बघण्याआधी एक कागद मागावा : दर किलोमागे किती युनिट वीज. पाहणी दौऱ्याला परदेशी जायचंच असेल, तर पोर्त द ला शापेलचं तळघर आणि सोमूरच्या खाणी बघून याव्यात. आणि येताना तिथल्या अळंबीवाल्यांना त्यांचा महिन्याचा विजेचा खर्च विचारून यावा.