शेंद्र्याचा वर्ग आणि कोरियाचा दाखला

शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीकडे पाहून, पोराला इंग्रजी आले म्हणजे नोकरी आली, असे जो पालक मनाशी धरतो, त्याने क्षणभर हेही ध्यानात घ्यावे की येथे स्पँडेक्स धागा काढणारी ह्योसंग कंपनी ज्या कोरियातून आली, तेथील बालकांनाही ही भाषा आपल्या मुलांइतकीच परकी आहे. तेथे १९९७ पासून इंग्रजी तिसऱ्या इयत्तेत सुरू होते. आपल्या सरकारने २००० साली ती पहिलीपासूनच लागू केली. घाई कोणाची अधिक, हे सांगणे नलगे.

कोरियन शब्दाच्या आरंभी जोडव्यंजन टिकत नसल्यामुळे, ‘स्ट्राइक’ हा एका दमात उच्चारायचा इंग्रजी शब्द तेथे मध्ये स्वर शिरून पाच अक्षरांचा होतो. मग आपले पोर ‘स्कूल’ला ‘इस्कूल’ म्हणाले, तर त्यात हसण्यासारखे काय आहे? कोरियन व मराठी या दोन्ही भाषांत क्रियापद बहुधा वाक्याच्या अखेरीस येते आणि इंग्रजीतील ‘अ’, ‘द’ यांसारखी उपपदे नाहीत. अशा स्थितीत जो शिक्षक मराठी वाक्य फळ्यावर लिहून त्यातील क्रियापद कर्त्याशेजारी आणून दाखवितो, तो अर्धी अडचण तेथेच दूर करतो. उलट वर्गात मराठी बोलण्यास मनाई करणारी शाळा हे साधनच जप्त करते, आणि शुल्क मात्र अधिक आकारते. निदान पहिली दोन वर्षे लहानग्यांना इंग्रजी केवळ ऐकू व बोलू द्यावी, आणि लेखी परीक्षा तहकूब ठेवावी.