प्रत्येक मोहाची चव वेगळी

निफाडच्या शिवारात आज सिसिलीचे 'नेरो दाव्होला' हे काळे द्राक्ष पिकते. अकलूजजवळ तोस्कानाचे 'सांजोवेझे' पिकते, दिंडोरी तालुक्यात स्पेनचे 'तेम्प्रानियो'. कॅबर्ने सोव्हिन्यों आणि शिराझ यांच्यापलीकडची ही नावे महाराष्ट्रात गेल्या दोन-अडीच दशकांत ऐकू येऊ लागली. त्यामागे नुसती हौस नव्हती. 2001 मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, वाइन उत्पादकांना शुल्कात सवलती दिल्या, बागायतदारांनी रोपे मागवली, कोणता वाण कोणत्या उतारावर बरा येतो याच्या नोंदी ठेवल्या. वाइन चाखणारे लोक तयार झाले. एका वाणात जांभळाचा गर लागतो, दुसऱ्यात काळी मिरी, तिसऱ्यात आंबट चेरी, असे ते सांगू लागले आणि ते वर्णन बाटलीवर छापले जाऊ लागले. चव अशी शब्दांत धरता आली की तिची किंमत मागता येते. हे लक्ष, ही नोंद, हा आदर चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या मोहफुलाच्या वाट्याला आजवर आलेला नाही. तो यायला हवा, आणि दारूच्या परवान्याचा प्रश्न निघण्याच्या आधी यायला हवा, असे माझे म्हणणे आहे.

वाण ओळखल्याने काय घडते, हे चिलीच्या उदाहरणावरून नीट कळते. तिथले बागायतदार अनेक दशके 'मर्लो' म्हणून एक द्राक्ष लावत होते. त्यातल्या काही वेली उशिरा पिकत आणि त्यांच्या रसाला हिरव्या मिरचीसारखा वास येई, म्हणून त्या कमअस्सल मर्लो समजल्या जात. 1994 मध्ये ज्याँ-मिशेल बुर्सिको या फ्रेंच द्राक्षतज्ज्ञाने पाने आणि फुले पाहून सांगितले की हा मर्लो नाहीच, हा 'कार्मेनेर' आहे. फिलॉक्सेरा किडीने एकोणिसाव्या शतकात युरोपच्या बागा उद्ध्वस्त केल्यानंतर बोर्दोतून जवळजवळ नाहीसा झालेला जुना वाण तो हाच. वेली त्याच राहिल्या, माती तीच राहिली. पण त्याची तोडणी वेगळ्या वेळी होऊ लागली, वाइन वेगळी मुरवली जाऊ लागली आणि ज्याला दोष मानले जात होते तेच चिलीचे वैशिष्ट्य ठरले. नाशिकमध्ये पिकणाऱ्या 'झिनफँडेल'चेही असेच झाले. कॅलिफोर्निया ज्याला आपले म्हणत होती तो वाण मुळात क्रोएशियाच्या किनाऱ्यावरचा, हे 2001 च्या सुमारास डीएनए चाचणीने सिद्ध झाले. त्या किनाऱ्यावर तोवर त्याच्या मोजक्याच वेली उरल्या होत्या. शोध लागल्यावर तिथे त्याची पुन्हा लागवड झाली.

आता मोहाकडे पाहू. द्राक्षाची वेल कलमाने वाढवतात, त्यामुळे नाशिकचा कॅबर्ने आणि बोर्दोचा कॅबर्ने ही मुळात एकाच झाडाची फांदी असते. फरक माती, हवा आणि माणसाचे हात यांचा. मोह मात्र जंगलात बियांपासून उगवतो. बांधावरचा एक मोह आणि नाल्याकाठचा दुसरा ही दोन वेगळी झाडे आहेत. त्यांच्या फुलांचा आकार, गराची जाडी, गोडी, गळण्याचे दिवस हे सारे वेगळे असू शकते. द्राक्षाच्या भाषेत बोलायचे तर प्रत्येक झाड हाच एक वाण. फुले वेचणाऱ्या बाईला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. कोणत्या झाडाची फुले आधी गळतात, कोणाची सुकल्यावरही लुसलुशीत राहतात, कोणाची काळी पडतात, लाडवाला कोणती घ्यायची, हे तिला माहीत असते. कित्येक गावांत झाडे घराण्यांमध्ये वाटलेली असतात, आणि एकाच्या झाडाखाली दुसरा वेचायला जात नाही. हे सारे ज्ञान गावात आहे, पण कागदावर नाही. व्यापाऱ्याच्या काट्यावर सगळी फुले एकाच पोत्यात जातात आणि एकाच भावाने मोजली जातात. मोहातला वाण निवडून तो जपण्याचे शास्त्रीय काम देशात झालेले आहे. गुजरातमध्ये गोध्र्याजवळच्या केंद्रीय फळबाग संशोधन केंद्राने 'थार मधू' नावाचा मोहाचा वाण निवडला. विदर्भाच्या जंगलात असे किती वाण उभे आहेत, हे शोधायला कोणी निघालेले दिसत नाही.

यामागे इतिहास आहे. मोहफुलाकडे पाहण्याची सरकारी नजर दीडशे वर्षांपासून अबकारी खात्याची राहिली. मुंबई इलाख्यात 1878 चा अबकारी कायदा आला. 1892 च्या मोहफूल कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत नुसती फुले गोळा करण्यावर आणि जवळ बाळगण्यावरही बंधने घातली. उद्देश महसुलाचा होता. घरची भट्टी बंद पडली की सरकारमान्य गुत्त्यावर गिऱ्हाईक येईल, हा त्याचा हिशेब. स्वातंत्र्यानंतर 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला. त्याचा हेतू वेगळा होता, पण फुलाकडे संशयाने पाहण्याची सवय तशीच राहिली. मोहफुले गोळा करणे, साठवणे आणि नेणे यांवरचे निर्बंध राज्याने उठवले ते 2021 मध्ये. जे फूल साठवणेच जोखमीचे होते, त्याची प्रतवारी कोण करणार? चांगली सुकवलेली फुले पावसाळ्यानंतर जास्त भावाने विकता येतात, पण त्यासाठी कोरडी कोठी आणि निर्धास्त मन लागते. दोन्ही नसल्यामुळे वेचणाऱ्यांनी एप्रिलमध्येच माल देऊन टाकला, आणि मोहफुलाची जी काही ओळख बाहेरच्या जगात राहिली ती पोलिसांच्या बातमीतली: अमुक गावाच्या जंगलात इतका मोहसडवा नष्ट.

इथे सर्वांत गंभीर आक्षेप उभा राहतो, आणि त्याला बगल देऊन हा विषय लिहिता येणार नाही. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. ती कोणा मंत्र्याच्या लहरीने आलेली नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी उभी केलेली दारूमुक्तीची चळवळ आणि गावोगावच्या बायांचा आग्रह यांतून ती आली. 2016 पासून 'मुक्तिपथ' अभियान तिथे दारू आणि तंबाखूविरुद्ध काम करत आहे. चंद्रपुरात 2010 च्या डिसेंबरात 'श्रमिक एल्गार' संघटनेच्या पारोमिता गोस्वामी यांच्या पुढाकाराने हजारो महिला चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळावर चालत गेल्या. 1 एप्रिल 2015 पासून तिथे बंदी लागू झाली आणि मे 2021 मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवली. या बायांचे म्हणणे असे की दारूने घरातले धान्य जाते, मार बायकोला बसतो, मुलांची शाळा सुटते, आणि शहरात बसून चवीच्या गप्पा मारणाऱ्यांना याची झळ लागत नाही. हे म्हणणे खरे आहे. मोहाची दारू ही आदिवासी परंपरा असल्याने ती निरुपद्रवी असते, असा युक्तिवाद काही जण करतात, तो मला मान्य नाही. देवाला दोन थेंब वाहणे, जन्म-मरणाच्या विधीत तिचा मान असणे वेगळे, आणि गूळ-नवसागर घालून रोज विकायला काढलेली हातभट्टी वेगळी. दुसरीला पहिलीची ढाल करू नये. गडचिरोलीची बंदी उठवा, असे म्हणण्यासाठी हा लेख नाही. तिथल्या ग्रामसभांनी आणि महिलांनी जे मिळवले आहे ते त्यांनी मागितल्याशिवाय काढून घेण्याचा अधिकार बाहेरच्या कोणालाही नाही.

मग चाखण्याची गोष्ट तरी कशासाठी? कारण चाखणे आणि पिणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. वाइनचा जाणकार पेला उजेडात धरून रंग पाहतो, हलवून वास घेतो, घोटभर तोंडात फिरवतो आणि एका बैठकीत अनेक वाइन चाखायच्या असल्या तर तो थुंकून टाकतो. त्याला नशा नको असते, नशेने जीभ बोथट होते. मोहाच्या बाबतीत तर या अभ्यासाला दारूची गरजही नाही. पहाटे गळलेल्या ताज्या फुलाची रसाळ गोडी आणि त्याचा तो उग्र, कस्तुरीच्या अंगाने जाणारा वास. दोन दिवस उन्हात सुकल्यावर मनुकेसारखा झालेला गर. उकळून आटवलेला पाक. भाजून कुटलेल्या फुलांचा लाडू. या चारही अवस्थांत झाडागणिक फरक कळतो. सुक्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते, त्यामुळे पाक, लाडू, पुऱ्या, मुरंबे यांना कच्चा माल म्हणून ते उत्तम आहे. कोणत्या झाडाची फुले कशाला बरी, याची नोंद झाडावर क्रमांक घालून गावातल्याच मुलींनी केली, गोंडवाना विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने साखर आणि आर्द्रता मोजून दिली, की दोन-तीन हंगामांत एका गावाचे मोहपुस्तक तयार होईल. यात कायद्याचा भंग नाही, बंदीला धक्का नाही.

तरीही दारूचा प्रश्न कधीतरी येणारच, कारण तो शेजारी येऊन उभा आहे. मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला वारसा मद्याचा दर्जा देऊन आदिवासी बचतगटांकडून ती बनवून घेण्याचे धोरण स्वीकारले, आपल्या अलीराजपूर आणि दिंडोरी जिल्ह्यांत भट्ट्या उभ्या केल्या. आपल्या राज्यानेही 2022 मध्ये काजूबोंडे आणि मोहफुलांच्या मद्याचा दर्जा देशी दारूच्या वर नेण्याचा निर्णय घेतला. त्याच वर्षी जानेवारीत मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय झाला होता. शेतकऱ्याच्या द्राक्षाला भाव मिळेल हे त्याचे समर्थन होते, आणि विरोध इतका झाला की तो अमलात येणे अडले. द्राक्षवाल्या शेतकऱ्याचा विचार मंत्रिमंडळात आपोआप होतो. मोह वेचणाऱ्याचा होण्यासाठी दुसरी वाट हवी, आणि ती कायद्यात आहे. 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा, तसेच त्यांची विक्री आणि सेवन नियंत्रित करण्याचा अधिकार दिला. गौण वनोपजाची मालकीही तिलाच दिली. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली देशात सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत धानोरा तालुक्यातले मेंढा-लेखा होते. बांबूच्या विक्रीचा कारभार त्या गावाने स्वतः चालवून दाखवला. 'नको' म्हणण्याचा आणि अटी घालून 'हो' म्हणण्याचा अधिकार एकाच सभेकडे असावा, हे मला योग्य वाटते. चंद्रपुरात, जिथे बंदी उरलेली नाही, तिथे एखाद्या ग्रामसभेने महिलांच्या बहुमताने छोटी, तपासणीखालची भट्टी मागितली तर तिला ती द्यावी. बंद बाटल्या जिल्ह्याबाहेर विकाव्यात, गावात किरकोळ विक्री नसावी. गडचिरोलीत हा प्रश्न ग्रामसभा काढेल तेव्हाच निघावा.

उरतो तो कंपन्यांचा धोका, आणि तो काल्पनिक नाही. मेक्सिकोत घायपातीपासून गाळल्या जाणाऱ्या 'मेस्काल' या दारूला 1994 मध्ये भौगोलिक संरक्षण मिळाले. आखलेल्या क्षेत्राबाहेरच्या पिढीजात भट्टीवाल्यांना आपल्याच दारूला मेस्काल म्हणता येईना, आणि जगभरची मागणी वाढल्यावर जंगली घायपातीवर ताण आला. गोव्याच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि 2016 मध्ये राज्याने तिला वारसा मद्य ठरवले, तिथेही मान मिळाल्याने काजू वेचणाऱ्याची मजुरी आपोआप वाढते असे नाही. म्हणूनच मोहाच्या बाबतीत नोंद कोणाच्या नावावर राहते हे आधी ठरले पाहिजे. झाडांची यादी, चवीचे वर्णन, बियाणे आणि कलमाची काडी हे सारे ग्रामसभेच्या मालकीचे असावे, आणि बाहेरच्या कोणालाही ते लेखी कराराशिवाय मिळू नये. नोंदच करू नये म्हणजे कोणी चोरणार नाही, असे म्हणणारेही भेटतात. पण नोंद नसलेले ज्ञान चोरीला जाण्याआधीच म्हाताऱ्या बायांबरोबर संपते, आणि जंगल तोडायची वेळ आली की कोणते झाड अनमोल होते हे सांगायला गावाकडे काही उरत नाही.

चवीचा विचार जमिनीपासून सुरू होतो. फुले मातीवर पडतात, म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळून जागा साफ करण्याची रीत आहे. त्यातून उन्हाळ्यात वणवे लागतात, आणि राखेचा वास फुलाला धरतो तो वेगळाच. पहाटेच्या अंधारात वाकून वेचणाऱ्या माणसावर ब्रह्मपुरीच्या आणि ताडोब्याच्या परिसरात वाघाचा हल्ला होण्याच्या घटना याच महिन्यांत घडतात, अस्वलही त्याच फुलांवर येते. झाडाखाली जाळी बांधली तर आग लावावी लागत नाही, फूल स्वच्छ राहते आणि उजाडल्यावर गटाने जाऊन कमी वेळात वेचता येते. चांगल्या फुलाचा जास्त भाव हा या जाळ्यांचा आणि या सुरक्षिततेचा खर्च भरून काढणारा असला पाहिजे, आणि पहिल्या वर्षी तो खर्च सरकारने उचलला पाहिजे. त्यासाठी वनविभाग आणि आदिवासी विकास विभागाने तरतूद डिसेंबरपर्यंत ग्रामसभांच्या खात्यात घालावी, कारण फुले मार्चमध्ये गळू लागतात आणि सरकारचे आर्थिक वर्ष त्याच महिन्याच्या 31 तारखेला संपते.