ताप आला म्हणून पुढची सुई चुकवू नका



गेल्या पौर्णिमेला किकवीत वंदना आटोपल्यावर आमच्या वस्तीतल्या एक आजी माझ्याजवळ आल्या. नात दोन महिन्यांची. "भाऊ, पोरगी चांगली खेळत होती. दीड महिन्याची सुई टोचली अन् रात्री अंगात ताप भरला. आता पुढची सुई द्यायची न्हाई, असं सुनेला सांगितलंय." मुलगा शिरवळला कंपनीत, सून घाबरलेली. मी डॉक्टर नाही, कचेरीतला कारकून आहे. पण वाचून आणि जाणकारांना विचारून जे समजले ते आजींना सांगितले. तेच आज आपल्यापुढे मांडतो.

आपल्या शरीराला निसर्गाने स्वतःचे रक्षण करायला शिकवले आहे. पहिला बांध कातडीचा. नाकातला शेंबूड, तोंडातली लाळ, डोळ्यांतले पाणी आणि पोटातले आम्ल हेही जंतूंना अडवतात. काटा बोचला, जखम झाली की हा बांध फुटतो. मग रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात. रक्ताच्या एका थेंबात त्या लाखाच्या वर असतात. त्या जंतूंना गिळतात आणि स्वतःही मरतात. जखमेतला पू म्हणजे मुख्यतः याच मेलेल्या पेशी. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, तेही याच लढाईमुळे.

ताप कोण आणतो? जंतू नव्हे, बहुतेक वेळा आपले शरीरच आणते. मेंदू अंगाची उष्णता वाढवतो. त्या उष्णतेत पुष्कळ जंतूंची वाढ मंदावते आणि पांढऱ्या पेशी जोमाने काम करतात.

याशिवाय काही पेशी त्या त्या जंतूला नेमका धरणारा पदार्थ तयार करतात. त्याला प्रतिपिंड म्हणतात. नवा जंतू असेल तर या तयारीला आठवडा-दोन आठवडे लागतात. तेवढ्यात रोग लहान जीवाला घेऊनही जातो. पण एकदा ओळख पटली की काही पेशी ती वर्षानुवर्षे लक्षात ठेवतात. तोच जंतू पुन्हा आला की चार-दोन दिवसांतच त्याचा बंदोबस्त होतो.

लस हेच काम करते. मेलेला किंवा अशक्त केलेला जंतू, नाहीतर त्याचा एखादा तुकडाच, शरीराला दाखवते. रोग न होता धडा मिळतो. त्या अभ्यासात एक-दोन दिवस ताप येतो, मांडी दुखते. ताप आला नाही तरी लस वाया गेली असे नाही. मात्र एका धड्याने भागत नाही. म्हणून दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना सुई असते. गोवर-रुबेलाची पहिली सुई नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांत असते.

गोवराला आपल्याकडे अजून "बाई आल्या" म्हणतात आणि दाराला लिंबाचा पाला बांधतात. पण गोवर हा विषाणू आहे आणि तो शरीराची जुनी आठवणच पुसून टाकतो. पुरळ गेले तरी पुढे कित्येक महिने मुलाला न्युमोनिया, हगवण सहज गाठते. 2022 साली मुंबईत गोवंडीच्या गरीब वस्त्यांत गोवराने लेकरे दगावली. तिथे पुष्कळ मुलांची सुई राहून गेली होती. 1956 च्या धम्मदीक्षेने आपल्या घरातून मरीआई गेली. मनातली तिची भीतीही आता जायला हवी.

10 जानेवारी 1897 रोजी मुंबईत डॉ. हाफकिन यांनी स्वतः तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांनाही ताप आला होता! बरोबर दोन महिन्यांनी, 10 मार्च 1897 रोजी, आपली सावित्रीमाई प्लेगनेच गेली. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन तिने दवाखान्यात आणले होते. लस निघाली होती, पण तिच्यापर्यंत पोहोचली नव्हती. बाबासाहेब आणि रमाईंनाही चार लेकरे लहानपणीच गमवावी लागली. आज लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. ती आपणच नाकारायची का?

सुईनंतर अर्धा तास केंद्रावरच थांबा. ताप आला तर नर्सताईंनी सांगितले तेवढेच औषध द्या, अंगावरचे दूध चालू ठेवा. ताप दोन दिवसांत उतरला नाही, झटके आले, श्वास लागला किंवा चेहरा सुजला तर लगेच दवाखाना गाठा. आणि एक लक्षात ठेवा. उपाशी शरीर लढू शकत नाही. बाळंतिणीचा चीक फेकू नका, त्यात आईची प्रतिपिंडे असतात. मुलांच्या ताटात डाळ, अंडे, पालेभाजी असू द्या. घरातला दारूचा खर्च वाचला तर त्यात अंडी नक्की येतात.

आजींनी सगळे ऐकून घेतले. मग पिशवीतून लसीचे कार्ड काढले आणि म्हणाल्या, "पुढची तारीख कवाची हाय, तेवढी वाचून सांगा." आपणही आपल्या घरातले कार्ड आजच काढून बघा.

जयभीम!