टाकीचे घाव कोणी घातले?

'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' ही म्हण आपण सर्वांनी शाळेत शिकलेली आहे. निबंधात कष्टाचे महत्त्व सांगताना ती हमखास वापरली जाते. घाव सोसणाऱ्या दगडाचे तिच्यात कौतुक आहे. पण विद्यार्थिमित्रांनो, घाव घालणाऱ्याचे काय? टाकी आपोआप चालत नाही. ती धरायला एक हात लागतो, हातोडा उचलायला दुसरा हात लागतो आणि त्या दोन्ही हातांच्या धन्याला दोन वेळा पोटभर जेवण लागते. या लेखात मला त्या हातांची बाजू मांडायची आहे. कारण त्यांचे श्रेय दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाकण्याची आपल्याला फार सवय लागली आहे.

आपल्या पूर्व विदर्भात जुन्या देवळांना तोटा नाही. गोंदियाजवळ नागरा येथे प्राचीन शिवमंदिर आहे. वैनगंगेच्या काठाने खाली गेलात, तर गडचिरोली जिल्ह्यात मार्कंडा येथे कोरीव मूर्तींनी भरलेला देवळांचा समूह आहे. अशा देवळांविषयी गावोगावी एक कथा ऐकू येते : पांडवांनी हे देऊळ एका रात्रीत बांधले, कोंबडा आरवला म्हणून काम अर्धवट राहिले. ही कथा आजीने सांगावी आणि नातवंडांनी प्रेमाने ऐकावी. तिच्यात आपल्या पूर्वजांचा विस्मय साठवलेला आहे आणि तिने कोणाला फसविलेले नाही.

परंतु हल्ली दुसरीच एक कथा मोबाईलच्या पडद्यावरून घरोघरी पोहोचली आहे. ती म्हणते की, इजिप्तमधील प्रचंड पुतळे आणि आपल्या वेरूळचे कैलास लेणे माणसाला घडविणे शक्यच नव्हते. परग्रहावरून आलेल्या प्रगत जिवांनी ते घडविले. ही कल्पना नवी नाही. एरिख फॉन डेनिकेन या स्विस लेखकाने १९६८ साली असे पुस्तक लिहून जगभर खळबळ उडवून दिली होती. आजीची कथा आणि ही कथा यांत मोठा फरक आहे. आजी गोष्ट सांगते. हे लोक 'विज्ञान' सांगत असल्याचा आव आणतात. म्हणून त्यांचे म्हणणे विज्ञानाच्याच काट्यावर तोलले पाहिजे.

त्यांचा पहिला मुद्दा असा : इजिप्तच्या लोकांपाशी लोखंडी हत्यारे नव्हती, मग त्यांनी ग्रॅनाइटसारखा कठीण दगड कापला कसा? मुद्दा वरवर बिनतोड वाटतो. इ. स. पू. २५५० च्या सुमारास खाफ्रे राजाचा बसलेला पुतळा अत्यंत कठीण दगडात घडविला गेला, तेव्हा कारागिरांपाशी तांब्याची आणि दगडाची हत्यारे होती. मोहच्या काठिण्यश्रेणीत तांब्याचा क्रमांक ३ च्या आसपास लागतो, तर ग्रॅनाइटमधील फेल्डस्पारचा ६ आणि क्वार्ट्झचा म्हणजे आपल्या गारगोटीचा ७. मऊ पदार्थ कठीण पदार्थाला ओरखडू शकत नाही, हे तुम्ही सातवी-आठवीत शिकता.

पण उत्तर तुमच्या पायाखालीच आहे. वाळूचे बहुतेक कण क्वार्ट्झचेच असतात. तांब्याचे पाते दगडावर ठेवून त्याखाली वाळू टाकली आणि पाते पुढेमागे ओढत राहिले, तर दगड पाते कापत नाही, वाळू कापते. पाते फक्त वाळूला दाबून फिरविते. त्यात तांबेही झिजते आणि काम मुंगीच्या पावलांनी पुढे सरकते, पण सरकते. आजच्या काळातील संशोधकांनी तांब्याची करवत आणि वाळू घेऊन ग्रॅनाइट कापून दाखविला आहे.

खाणीतून दगड सुटा करण्याची रीत आणखी साधी होती. अस्वान येथील खाणीत एक अर्धवट सोडलेला एकाश्म स्तंभ आजही आडवा पडलेला आहे. त्याची लांबी सुमारे ४२ मीटर आणि वजन हजार टनांहून अधिक भरेल. भोवतालचा ग्रॅनाइट डोलेराइट या कठीण दगडाच्या गोट्यांनी ठेचून ठेचून काढलेला आहे. तसे गोटे तेथे सापडले आहेत. रेजिनाल्ड एंगेलबाख या अभियंत्याने या स्तंभावरील आपला अभ्यास १९२२ मध्ये प्रसिद्ध केला. त्याने स्वतः गोटा हातात घेऊन तासभर ग्रॅनाइट ठेचला, तेव्हा एका लहानशा चौकोनात सुमारे ५ मिलिमीटर दगड निघाला. तासाला पाच मिलिमीटर! गती हास्यास्पद वाटेल. पण ती शून्य नाही. शून्याला कितीही वर्षांनी गुणा, उत्तर शून्यच. पाच मिलिमीटरला शेकडो माणसांनी आणि महिन्यांनी गुणले की स्तंभ सुटा होतो.

आणि तो स्तंभ अर्धवट का राहिला? त्याला तडे गेले म्हणून. तारकांमधील अंतरे पार करून आलेल्या प्रगत जिवांना दगडातील तडा आधी दिसला नसता काय? तड्यापुढे हात टेकून उठून जाणारा माणूसच असणार.

दुसरा मुद्दा वजनाचा. एवढाले पुतळे ओढून नेले कसे? याचे उत्तर इजिप्शियनांनीच चित्रात काढून ठेवले आहे. इ. स. पू. एकोणिसाव्या शतकातील जेहुतिहोतेप या अधिकाऱ्याच्या थडग्यात एक प्रचंड पुतळा लाकडी घसरगाडीवर बसवून चार रांगांतील १७२ माणसे ओढीत आहेत, असे दृश्य होते. पुतळ्याच्या पायाशी उभा असलेला एक माणूस घसरगाडीपुढे पाणी ओतताना दिसतो. हा धार्मिक विधी असावा, असे काही अभ्यासकांना वाटे. २०१४ मध्ये ॲमस्टरडॅम विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत लहान घसरगाडी वाळूवरून ओढून पाहिली. कोरड्या वाळूत तिच्यापुढे वाळूचा ढीग साचतो. योग्य प्रमाणात पाणी घातले, तर कणाकणांत पाण्याचे सूक्ष्म पूल तयार होऊन वाळू घट्ट होते आणि ओढण्यास जवळजवळ निम्मेच बल लागते. पाणी फार झाले, तर मात्र फायदा नाहीसा होतो.

हा प्रयोग तुम्हीही करू शकता. एका परातीत नदीची कोरडी वाळू पसरा. लाकडी ठोकळ्याला ताणकाटा अडकवून तो सावकाश ओढा आणि वाचन लिहून ठेवा. मग थोडे थोडे पाणी शिंपडत पुन्हा पुन्हा ओढा आणि पाण्याचे प्रमाण व बल यांचा आलेख काढा. चार हजार वर्षांपूर्वीच्या त्या पाणक्याला आलेख काढता येत नव्हता. पण पाणी किती ओतावे हे त्याला ठाऊक होते.

आता आपल्या घरच्या उदाहरणाकडे येऊ. वेरूळचे कैलास लेणे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, म्हणजे इसवी सनाच्या आठव्या शतकात, मुख्यतः कोरले गेले. बेसाल्टचा डोंगर वरून खाली कोरीत आणला आहे. त्या काळी लोखंडी छिन्नी भारतात नवी नव्हती. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे त्याच्याही सुमारे १४०० वर्षे आधीची लोखंड गाळण्याची भट्टी उत्खननात सापडली आहे.

एक ढोबळ हिशेब मांडू. लेण्याचे आवार सुमारे ८२ मीटर लांब आणि ४६ मीटर रुंद आहे. डोंगर उतरता असल्याने सरासरी खोली २० मीटर धरली, तर सुमारे ७५,००० घनमीटर होतात. मधले मंदिर, हत्ती व स्तंभ जागच्या जागी राखले, त्यांचे १५,००० वजा केले की ६०,००० घनमीटर दगड काढावा लागला असे समजू. एका माणसाने दिवसभरात एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि पाच सेंटिमीटर जाड एवढाच थर काढला, तर ०.०५ घनमीटर होतो. म्हणजे १२ लाख मनुष्यदिवसांचे काम झाले. ३०० माणसे वर्षातील २५० दिवस राबली, तर त्यांना १६ वर्षे लागतील. बारीक कोरीवकाम त्याशिवाय. गती निम्मी धरा, माणसे दुप्पट करा. उत्तर पुन्हा तेच. या हिशेबावरून नेमकी किती माणसे होती हे सिद्ध होत नाही. परंतु 'माणसाला अशक्य' हे विधान मात्र साध्या गुणाकारापुढे टिकत नाही.

काम पायरीपायरीने झाल्याचा पुरावा दोन्ही देशांत शिल्लक आहे. अजिंठ्याचे चोविसावे लेणे अपुरे राहिले आहे. आधी काय खोदीत आणि नंतर काय, हे तेथे वाचता येते. गिझा येथे १९०८ ते १९१० या काळात जॉर्ज राइस्नर यांना मेनकाउरे राजाचे अपुरे पुतळे वेगवेगळ्या अवस्थांत मिळाले. मापेही ठरलेली असत. इजिप्तचे कलावंत चौकटी आखीत आणि उभ्या आकृतीला तळपायापासून कपाळावरील केसांच्या रेषेपर्यंत १८ चौकोन देत.

काहींची नावेसुद्धा कळली आहेत. नेफरतीती राणीचा जगप्रसिद्ध अर्धपुतळा ६ डिसेंबर १९१२ रोजी अमार्ना येथे थुतमोस नावाच्या शिल्पकाराच्या कर्मशाळेत सापडला. त्याच्या सीटी स्कॅनचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. वरच्या गिलाव्याखाली चुनखडीत कोरलेला आणखी एक चेहरा असल्याचे त्यात दिसले. म्हणजे आधी दगडात कोरले आणि मग गिलाव्याने रूप सुधारले!

राजांच्या थडग्यांत कोरीवकाम करणाऱ्या कारागिरांचे दैर अल्-मदीना नावाचे गाव होते. तेथील चुनखडीच्या ढलप्यावर लिहिलेले हजेरीपत्रक ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. गैरहजेरीची कारणे नोंदलेली आहेत : कोणी आजारी, कोणाच्या डोळ्यांना त्रास, कोणाला विंचू चावला. इ. स. पू. ११५७ च्या सुमारास धान्याचा पगार थकला, तेव्हा याच गावच्या कारागिरांनी काम थांबवून धरणे धरले. इतिहासात नोंद असलेला हा सर्वांत जुना संप मानला जातो. विंचू चावणारे आणि पगारासाठी अडून बसणारे हे लोक परग्रहावरचे खचित नव्हते.

तेव्हा माझे म्हणणे स्पष्ट आहे. परग्रहवासीयांची कथा ही केवळ निरुपद्रवी करमणूक नाही. युरोपातील भव्य चर्चे कोणी परग्रहवासीयांच्या नावावर सहसा मांडीत नाही. ही शंका इजिप्त, भारत, मेक्सिको येथील लोकांच्याच वाट्याला येते. 'तुमच्या पूर्वजांना एवढी अक्कल कोठली?' असा तिचा अर्थ होतो, आणि आपण तो कौतुकाने ऐकून घेतो. आपली स्वतःची सवयही तपासली पाहिजे. जुन्या दगडी देवळाला आपण सरसकट 'हेमाडपंती' म्हणतो. हेमाडपंत तेराव्या शतकातील यादवांचे प्रधान होते. प्रधानांचे नाव राहिले, पाथरवटाचे गेले.

पुढच्या वेळी तुम्ही नागऱ्याला, मार्कंड्याला किंवा वेरूळला जाल, तेव्हा मूर्तीच्या चेहऱ्याबरोबर तिची पाठ आणि कोपरेही पाहा. तेथे घासून गुळगुळीत न केलेल्या जागी टाकीच्या तिरप्या रेघा दिसतील. त्या मोजा, वहीत उतरवून घ्या. त्यांवर तैलरंग मात्र फासू नका आणि कोणी फासत असेल तर त्याला समजावून सांगा. गावात पाटे-वरवंटे घडविणारा कोणी असेल, तर एक वीतभर दगड तासायला किती वेळ लागतो, टाकीला दिवसातून किती वेळा धार लावावी लागते, हे त्याला विचारा. त्याची उत्तरे तुमच्या प्रयोगवहीत लिहिण्याच्या योग्यतेची असतील.