संगणक वर्गात आला. आपले मूल कोठे बसले आहे?

वाचकहो, शाळेत संगणक आला, भिंतीवर प्रोजेक्टरचा पडदा लागला, पाहुण्यांनी फीत कापली आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र आले, म्हणजे त्या गावाच्या शिक्षणाचा प्रश्न सुटला, असा एक समज गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात रूढ झाला आहे. हा समज अपुरा तर आहेच, पण तो आपल्या समाजाला महाग पडणारा आहे. यंत्राला आमचा विरोध नाही. ज्यांना शतकानुशतके अक्षराचे दार बंद होते, त्यांनी ज्ञानाच्या नव्या साधनाला विरोध करणे म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणे होय. परंतु साधन आणि शिक्षण ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. वर्गातील संगणकाची परीक्षा दोन प्रश्नांनी करावयास पाहिजे. सर्वांत मागे बसणाऱ्या मुलाचा हात त्या संगणकापर्यंत पोहोचतो काय? आणि त्या मुलाला शिकविण्यास शिक्षक मोकळा आहे काय?

फळ्याची आठवण

हे प्रश्न आम्ही उगाच विचारीत नाही. शाळेतील साधनाला कोणी हात लावावा, हा वाद ह्या देशात संगणकाहून फार जुना आहे. बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत होते, तेव्हा त्यांना बसावयास घरून गोणपाट न्यावे लागे आणि नळाला हात लावण्याची मुभा नसे. शिपाई असला तर पाणी, नसला तर तहान. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकांनी त्यांना गणित सोडविण्यासाठी फळ्याजवळ बोलाविले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले जेवणाचे डबे विटाळतील म्हणून इतर मुलांनी धावत जाऊन ते बाजूला काढले, ही हकीकत त्यांच्या चरित्रातून आपणा सर्वांना ठाऊक आहे.

फळा हे त्या काळच्या वर्गातील यंत्रच होते. शाळा सरकारी होती, फळा सर्वांसाठी होता, आणि कोणत्याही नियमाने तो त्या मुलाला बंद नव्हता. तरीही त्याच्या वाटेत डबे आडवे आले. त्याला फळ्यापर्यंत नेणारी गोष्ट एकच होती. शिक्षकाने त्याला बोलाविले होते. आज विटाळाची भाषा वर्गात उघडपणे ऐकू येत नसेल. परंतु वाट मोकळी झाली आहे असे मात्र नाही. आज त्या वाटेत खोलीचे कुलूप आहे, पासवर्ड आहे, थकलेले वीजबिल आहे, आणि घरी मोबाईल नसणे आहे.

साथीच्या काळाने काय दाखविले

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ अशी घोषणा राज्यात झाली. ती घोषणा करणाऱ्यांच्या हेतूविषयी आम्ही शंका घेत नाही. सह्याद्री वाहिनीवर त्याच वर्षी ‘टिलीमिली’ ही मुलांसाठीची मालिका सुरू झाली, अनेक शिक्षकांनी स्वतःच्या पैशाने इंटरनेट घेऊन पाठ पाठविले, कित्येकांनी वस्तीवर जाऊन ओट्यावर वर्ग भरविले. परंतु घोषणा आणि घर ह्यांमध्ये केवढी दरी होती, ते सरकारच्याच आकड्यांवरून कळते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ साली, देशाच्या ग्रामीण भागात संगणक असलेली कुटुंबे शंभरात साडेचारहून कमी होती, आणि इंटरनेटची सोय असलेली पंधराहून कमी. साथ येण्यापूर्वीच हे आकडे सरकारदरबारी होते. शिक्षण संगणकावर आणि मोबाईलवर नेण्यात आले, तेव्हा कोणती मुले बाहेर राहणार आहेत, हे ठाऊक असताना नेण्यात आले. पहिलीपासूनचे वर्ग उघडण्यास शासनाने १ डिसेंबर २०२१ ही तारीख दिली. ज्या मुलाने मार्च २०२० मध्ये नुकतीच अक्षरे जुळवावयास घेतली होती, त्याचे वीस महिने गेले.

आता वटारच्या आसपासचाच विचार करा. वटार, निर्मळ, भुईगाव हा वसईचा पश्चिम पट्टा बागायती वाड्यांचा आणि विहिरींचा आहे, मुंबईची लोकल हाकेच्या अंतरावर आहे. येथे घरोघर इंटरनेट असणार, असे कचेरीत बसलेल्या अधिकाऱ्यास सहज वाटेल. परंतु वाडी ज्याच्या मालकीची आहे त्याचे मूल आणि त्या वाडीत रोजाने जाणाऱ्या बाईचे मूल एकाच वर्गात बसले, तरी त्यांच्या घरी एकच साधन असते काय? रोजाने जाणाऱ्या घरात मोबाईल असला तर तो एक असतो, आणि तो कामावर जाणाऱ्या माणसाच्या खिशात असतो. त्याच तालुक्याच्या पूर्वेस तुंगारेश्वराच्या डोंगराकडचे पाडे आहेत. ह्या भागातील कातकरी कुटुंबे पावसाळा संपला की वीटभट्ट्यांवर जातात आणि मुले त्यांच्याबरोबर जातात. अशा मुलांसाठी वसईतील विधायक संसदेला भट्ट्यांवरच भोंगा शाळा चालवाव्या लागल्या. एका तालुक्यात एवढे अंतर असता, एकच यंत्र एकाच दिवशी सर्वांना दिले म्हणजे समता आली, असे कसे म्हणता येईल?

यंत्रामागचा माणूस

यंत्र वर्गात कामास येते ते शिक्षकाच्या हातून. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले ह्या शिक्षकांना ३ डिसेंबर २०२० रोजी दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी त्यातील अर्धी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापण्याच्या त्यांच्या प्रयोगाचे कौतुक सर्वत्र झाले, आणि ते योग्यच झाले. परंतु त्या कोडच्या आधी त्यांनी काय केले, हे थोड्यांनी पाहिले. तेथील मुलांच्या घरची भाषा कन्नड होती. शिक्षकाने ती भाषा शिकून घेतली, पाठ मुलांच्या भाषेत आणले, आणि मग ते मोबाईलवर ऐकू येतील अशी व्यवस्था केली. शहापूर तालुक्यातील पष्टेपाड्याच्या शाळेत संदीप गुंड ह्या शिक्षकांनी आदिवासी मुलांच्या हाती टॅबलेट दिले, तेथेही आधी पाड्याचा विश्वास मिळवावा लागला.

आपल्याच पालघर जिल्ह्यात ह्या विचाराची परंपरा जुनी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी १९४५ पासून बोर्डीस व १९५७ पासून कोसबाडला जे काम केले, त्यात शंख-शिंपले, बिया, पाने, खडे ही शिक्षणाची साधने होती, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणावर गेली. साधन स्वस्त होते की महाग, हा तेथे प्रश्न नव्हता. ते मुलाच्या हातात होते, आणि शिक्षिका त्याच्याजवळ होती.

ह्याच्या उलट अनुभव दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाने घेतला. तेथील सरकारने लक्षावधी मुलांना छोटे संगणक वाटले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, ३१९ ग्रामीण शाळांतील मुलांच्या गणितात व भाषेत त्यामुळे सुधारणा झाल्याचे आढळले नाही. संगणक पोहोचले होते. ते अभ्यासात कसे वापरावयाचे ह्याची शिक्षकांची तयारी मात्र पुरेशी झालेली नव्हती.

हा धडा वसईच्या मातीतही सापडतो. सोपाऱ्यास १८८२ साली भगवानलाल इंद्रजी ह्यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, आणि नवव्या शिलालेखाचा तुकडा भुईगावास १९५६ साली सापडला, ज्या वर्षी नागपुरास आपली धम्मदीक्षा झाली. शिळेवरील अक्षर हे त्या काळचे नवे साधन होते, आणि ते लोकांच्या प्राकृत भाषेत कोरलेले होते. परंतु अशोक शिळा उभी करून थांबला नाही. कलिंगातील लेखांत त्याने असा आदेश दिला आहे की, ठराविक दिवशी हा लेख लोकांना ऐकविला जावा, आणि मध्यंतरी एकटाच माणूस ऐकणारा असला तरी त्यालाही ऐकविला जावा. साधन कोरणाऱ्या राज्याने ते वाचून दाखविण्याचीही जबाबदारी घेतली. आज वटारच्या परिसरातील मुले घरी कादोडी, वाडवळी, आगरी, वारली बोलतात आणि वर्गात पुस्तकी मराठी ऐकतात. त्यांना पडद्यावरचे चित्र समजावून सांगणारा माणूस कोण आहे, हे राज्याने सांगावयास नको काय?

वर्गणी नव्हे, हक्क

२२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या मागोमाग शाळा डिजिटल करण्याची लाट आली, आणि तीत बहुतेक ठिकाणी पैसा आला तो लोकवर्गणीतून व देणग्यांतून. शिक्षकांनी दारोदार फिरून यंत्रे आणली, ह्याबद्दल त्यांचे उपकार मानलेच पाहिजेत. परंतु वर्गणीच्या मार्गाने ज्या गावात पैसा आहे तेथे पडदा लागतो, आणि ज्या पाड्यात पैसा नाही तेथे भिंत कोरी राहते. देणगीदार एकदा यंत्र देतो. वीजबिल दर महिन्याला येते. बिल थकले म्हणून शाळेची वीज तोडली, अशा बातम्या महाराष्ट्राने अनेकदा वाचल्या आहेत. ज्यांना केवळ दानावर अवलंबून ठेवले जाते, त्यांना कधीही नाही म्हणता येते. हक्क मात्र मागता येतो.

आणि हक्क कायद्यात आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१-अ आला, आणि शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ साली इंटरनेट वापरण्याचा हक्क शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. सर्वोच्च न्यायालयाने ८ ऑक्टोबर २०२१ रोजी, साधनांअभावी गरीब मुले ऑनलाईन वर्गापासून तुटत असतील तर मूलभूत हक्क पोकळ ठरतो, अशा आशयाचा इशारा दिला. तेव्हा वर्गातील यंत्र, त्याची वीज, त्याची दुरुस्ती हा सरकारी अंदाजपत्रकाचा विषय आहे.

वसईत ह्या बाबतीत आणखी एक अडचण राहिली. महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी स्थापन झाली, पण पुढील अनेक वर्षे तिच्या हद्दीतील प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेकडेच राहिल्या. दोन संस्थांच्या मध्ये शाळा असली की खर्चाच्या वेळी प्रत्येकीने दुसरीकडे बोट दाखविणे सोपे होते. मुलाला मात्र शाळा एकच असते.

शिक्षक बंधु-भगिनींनो, तुमच्या बाजूनेही बोलणे आवश्यक आहे. तंत्रज्ञान शाळेत आले, पण ते मुलांच्या आधी तुमच्या मानेवर बसले. विद्यार्थ्यांची माहिती पोर्टलवर भरा, पोषण आहाराचे आकडे रोज मोबाईलवर पाठवा, उपस्थिती नोंदवा, छायाचित्र चढवा. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ सांगते की, जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ह्यांखेरीज अशैक्षणिक कामास शिक्षकाला जुंपू नये. दिवसातील दोन तास माहिती भरण्यात गेले, तर ते मागच्या बाकावरील मुलाचे गेले. कारण पुढच्या बाकावरील मुलाला घरी शिकविणारे कोणीतरी असते. आणि जेथे संगणकाचा स्वतंत्र शिक्षक नेमला गेला, तेथे तो बहुधा कंत्राटी होता. कंत्राट संपले की तो घरी गेला आणि संगणकावर धूळ बसली.

आता आपण काय करावयाचे

वाचकहो, तक्रार करून स्वस्थ बसणे हा आपला मार्ग नव्हे. कायद्याच्या कलम २१ प्रमाणे अनुदानित व सरकारी शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन-चतुर्थांश पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, आणि दुर्बल व वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असावी लागते. आपल्या वस्तीतील पालक त्या समितीवर आहेत काय, की त्यांची नावे केवळ वहीत आहेत? प्रथम तेथे जाऊन बसा.

बसल्यावर चार गोष्टी विचारा. शाळेत किती संगणक आहेत, आणि त्यांतील चालू किती? आठवड्यात प्रत्येक मुलाला, विशेषतः मुलींना, स्वतःच्या हाताने तो किती वेळ वापरावयास मिळतो? विजेचे व इंटरनेटचे पैसे कोण भरतो? आणि मुलांची जी माहिती यंत्रात भरली जाते, ती कोणाकडे जाते? उत्तर मिळाले नाही, तर २००५ चा माहितीचा अधिकार आपल्या हाती आहे. अर्ज साध्या कागदावर करता येतो. जे पालक स्वतः लिहू शकत नाहीत, त्यांचे अर्ज लिहून देणे हे आपल्या विहारातील व वाचनालयातील शिकलेल्या तरुणांचे काम आहे. सुटीच्या दिवशी त्याच तरुणांनी आपल्या संगणकावर वस्तीतील मुलांना बसवावे. मात्र हे काम करीत असताना शासनाकडील मागणी सोडू नये. आपण केलेली सोय ही शासनाची पळवाट होता कामा नये.

यंत्रे बदलत राहतील. पाटी गेली, फळा मागे पडला, आजचा संगणकही उद्या जुना होईल. गोणपाटावर बसविलेल्या मुलाने फळ्यापर्यंतची वाट चालून दाखविली, म्हणून आपण आज हे लिहितो आणि वाचतो. आपले मूल वर्गात कोठे बसले आहे, हे पाहण्यासाठी उद्या शाळेत जा, आणि ते मागे उभे राहून पडद्याकडे नुसते पाहत असेल, तर त्याला पुढे बोलाविले जाईपर्यंत तेथून परतू नका.