हेमंताच्या उंबरठ्यावरचे पूर्वज

ऑक्टोबरच्या अखेरीस कार्डिफच्या बाजारपेठेत पाऊल टाकणाऱ्याला नारिंगी भोपळे, प्लॅस्टिकचे सांगाडे आणि चेटकिणींचे मुखवटे यांनी ओसंडणारी दुकाने दिसतात. या सोहळ्याला जगभर ‘हॅलोवीन’ म्हणतात आणि वेल्सची आजची मुलेही त्याला त्याच नावाने ओळखतात. परंतु ३१ ऑक्टोबरची ही रात्र त्यांच्या पणजोबांच्या घरात ‘नोस कालान गायाव’ म्हणून पाळली जात होती. हिवाळ्याच्या पहिल्या दिवसाची, म्हणजे १ नोव्हेंबरची, ती पूर्वरात्र. घराण्यातील गेलेल्यांचे स्मरण करण्याची ही रात्र भयपटाच्या जाहिरातीसारखी कशी झाली? काळ बदलतो, रूढी आपोआप मरतात, असे ठरीव उत्तर देणाऱ्यांची वाण नाही. वेल्सचा इतिहास मात्र या उत्तराच्या बाजूने साक्ष देत नाही.

‘गायाव’ म्हणजे हिवाळा. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हा शब्द संस्कृतातील ‘हिम’ आणि ‘हेमन्त’ यांचा सगोत्र आहे. आल्प्सच्या पलीकडे, पार अटलांटिकच्या काठावर राहिलेल्या या लोकांनी थंडीसाठी जपलेला शब्द आपल्या ऋतुनामाचा दूरचा भाऊ निघावा, हे मनोज्ञ आहे. (‘कालान’ हा शब्द मात्र रोमनांच्या ‘कॅलेंडी’वरून, म्हणजे महिन्याच्या पहिल्या दिवसाच्या लॅटिन नावावरून आला. त्याचा आपल्या ‘काला’शी संबंध जोडण्याचा मोह उत्साही मंडळींनी आवरावा.) मध्ययुगीन वेल्श कायद्यांच्या संहितांमध्ये व्यवहाराच्या मुदती मोजताना मे महिन्याचा पहिला दिवस आणि हा पहिला हेमंतदिन असे दोन खांब मानलेले दिसतात. उन्हाळ्यात गुरे घेऊन डोंगरावरच्या ‘हावोद’मध्ये, म्हणजे उन्हाळी वस्तीवर, राहिलेली कुटुंबे या सुमारास खालच्या ‘हेन्द्रे’त परतत. ‘हेन्द्रे’ या शब्दाचा अर्थ ‘जुने घर’. वाडवडिलांच्या वास्तूत परतण्याच्या दिवसांतच वाडवडिलांचीही घरी ये-जा असते अशी श्रद्धा रूढ व्हावी, यात अनाकलनीय असे काय आहे?

रात्री टेकडीवर मोठी होळी पेटे. घरातील प्रत्येक जण पांढऱ्या दगडावर आपली खूण करून तो निखाऱ्यांत टाकी. सकाळी राख उपसून दगड शोधले जात. ज्याचा दगड सापडला नाही, तो येत्या वर्षात जाणार असे मानले जाई. आग मंदावली की शेपूट नसलेली एक काळी डुकरीण अंधारातून येते आणि सर्वांत मागे राहिलेल्याला धरते, असे म्हणत पोरेटोरे किंचाळत घराकडे धाव घेत. मॉन्टगोमेरीशायर भागात बटाटे, गाजर, सलगम, वाटाणे, लीक अशा नऊ जिनसा एकत्र शिजवून त्यांचा लगदा करीत आणि त्यात एक अंगठी दडवीत. ज्या अविवाहिताच्या घासात ती येई, त्याचे लग्न लवकर ठरणार!

विवेकवादाची मक्तेदारी घेतलेली मंडळी हे वाचून हसतील. दगड हरवल्याने कोणी मरत नाही, हे त्या शेतकऱ्यांनाही कळत असावे. नोव्हेंबरला वेल्श भाषेत जे नाव आहे त्याचा अर्थच ‘कत्तल’ असा होतो. चाऱ्याअभावी हिवाळ्यात जगू न शकणारी जनावरे मारण्याचा तो महिना. पुढच्या पाच-सहा महिन्यांच्या थंडीत कोण तगेल आणि कोण नाही, ही शंका प्रत्येक घरात वसत होती. ती मनात कुढत न ठेवता सगळ्यांनी एका अग्नीभोवती उभे राहून उच्चारावी, आणि त्याच रात्री लग्नाच्या अंगठीवरून हसावे, याला मूढता म्हणणारा माणूस स्वतः मृत्यूचा उल्लेख टाळण्यात किती शहाणा आहे, हे त्याचे त्याने तपासावे.

परंतु या पर्वाचा खरा गाभा २ नोव्हेंबरच्या, सर्व मृतात्म्यांच्या दिवशी दिसतो. उत्तर वेल्समध्ये गरीब माणसे दारोदार फिरून अन्न गोळा करीत आणि त्या अन्नाला ‘मृतांच्या दूताचे अन्न’ असे नाव होते. दारात उभा राहिलेला भुकेला मनुष्य भिकारी ठरत नसे. तो घरातून गेलेल्यांचा निरोप्या असे, आणि त्याच्या झोळीत पडलेला भाकरीचा तुकडा पलीकडे पोहोचतो अशी धारणा होती. महालयात पान वाढणाऱ्या वाचकाला याचा अर्थ उलगडून सांगण्याची गरज नाही. आता याच्या शेजारी आजचे दृश्य ठेवावे. मुखवटा चढवलेले पोर दार ठोठावते आणि चॉकलेट द्या, नाही तर खोडी काढू, असे धमकावते. घेणारा आहे, देणारा आहे, दारही तेच आहे. ज्याच्या नावाने द्यायचे, तो पूर्वज तेवढा मधून काढून टाकला आहे. बाजाराला त्याचा उपयोग नव्हता.

पहिला घाव मात्र बाजाराने घातला नाही. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेने मृतांसाठी प्रार्थना करणे हीच भ्रामक गोष्ट ठरवली. तरीही खेड्यांतील चुलींनी ही प्रथा पुढे तीनशे वर्षे सांभाळली. अठराव्या शतकापासून पसरलेल्या मेथॉडिस्ट पुनरुज्जीवनाने लोकनृत्य, हार्प, होळ्या, कथा या सगळ्यांकडे पाप म्हणून पाहिले. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. १५८८ साली विल्यम मॉर्गन यांनी केलेले बायबलचे भाषांतर आणि पुढच्या रविवारच्या शाळा नसत्या, तर वेल्श भाषा आज ग्रंथालयात शोधावी लागली असती. चॅपेलने भाषा वाचवली आणि त्या भाषेत आजी जे सांगत होती ते मात्र बंद पाडले. ही गुंतागुंत न समजता दोषारोप करणे सोपे आहे.

भाषेवर घाव घालण्याचे काम राज्यकर्त्यांनी केले. १५३६ च्या कायद्याने न्यायालयांतून वेल्श हद्दपार झाली. १८४७ मध्ये शिक्षणाची पाहणी करण्यासाठी आलेल्या तिन्ही इंग्रज आयुक्तांना वेल्श येत नव्हती. त्यांनी अज्ञान आणि अनीती यांचे खापर त्या भाषेवर आणि चॅपेलवर फोडले. शाळेत मातृभाषा बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवली जाई. १९११ मध्ये वेल्समधील ४३.५ टक्के लोक ही भाषा बोलत होते. २०२१ च्या जनगणनेत हे प्रमाण १७.८ टक्के भरले. ज्या शब्दांत पूर्वजांना हाक मारायची तेच तोंडातून काढून घेतल्यावर रूढी ‘आपोआप’ मेली म्हणणे, हा शुद्ध कांगावा आहे.

याच चॅपेलचा एक धागा आपल्या देशात पोहोचतो. २२ जून १८४१ रोजी टॉमस जोन्स हा वेल्श धर्मप्रचारक सोहरा म्हणजे चेरापुंजीला आला. खासी भाषेला त्याने लिपी दिली, एका इंग्रज व्यापाऱ्याच्या जुलमाविरुद्ध तो खासींच्या बाजूने उभा राहिला, हे त्याच्या खात्यावर जमा आहेच. परंतु खासी कुळे आपल्या मृतांच्या अस्थी कुळाच्या सामाईक शिलागृहात एकत्र ठेवीत, तो विधी धर्मांतरितांपुरता संपला. मायदेशी पूर्वजांचे अन्न बंद करणारी दृष्टी येथे अस्थींपर्यंत येऊन पोहोचली होती. २३ नोव्हेंबर १८९९ रोजी सोळा खासी तरुणांनी ‘सेंग खासी’ स्थापन केली. मातृकुळ आणि पितृकुळ ओळखणे हे तिच्या मूळ वचनांपैकी एक आहे. वेल्समध्ये असे सोळा जण वेळीच उभे राहिले नाहीत.

अलीकडे कालान गायाव पुन्हा साजरा करणारे गट दिसू लागले आहेत. त्यांचे स्वागतच केले पाहिजे, परंतु एक सूचना आवश्यक आहे. हा दिवस ‘प्राचीन केल्टिक नववर्ष’ होता असे ते छातीठोकपणे सांगतात. त्याचा आधार मुख्यतः सर जॉन ऱ्हिस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, समकालीन लोककथांवरून मांडलेला तर्क आहे. वेल्सला असे प्रकार नवे नाहीत. योलो मोर्गानुग याने १७९२ मध्ये लंडनच्या एका टेकडीवर ड्रुइडांचा ‘प्राचीन’ सोहळा स्वतःच रचून उभा केला होता. पूर्वजांनी जे केले ते पुरेसे थोर आहे. त्यांच्या नावावर कल्पित ठेव जमा करण्याचे कारण नाही.

आणि ज्यांना हा सगळा भूतकाळाचा हळवेपणा वाटतो, त्यांनी त्रवेरिनच्या खोऱ्यातील कापेल केलिन या गावाकडे पाहावे. लिव्हरपूलला पाणी हवे होते. १९५७ मध्ये ब्रिटिश संसदेने धरणाचे विधेयक मंजूर केले, तेव्हा वेल्सच्या एकाही खासदाराने त्याच्या बाजूने मत दिले नव्हते. १९६५ मध्ये गाव बुडाले. घरे, शाळा, टपाल कचेरी आणि चॅपेल सगळेच पाण्याखाली गेले. दफनभूमीतील मृतांना अन्यत्र हलवण्याची मुभा नातलगांना होती. आठ जणांचे अवशेष हलवण्यात आले. उरलेल्यांवर खडी आणि तिच्यावर काँक्रीट घालून, मग त्यांच्यावर पाणी सोडण्यात आले. २००५ मध्ये लिव्हरपूलच्या नगरपालिकेने क्षमा मागितली. कोरड्या उन्हाळ्यांत जलाशय आटतो तेव्हा जुने अवशेष वर येतात आणि लोक ते पाहायला जातात. काँक्रीटखालच्या त्या कबरींपाशी १ नोव्हेंबरला दिवा लावायचा झाल्यास, तो पाण्यावर कसा लावायचा?