मैदानावरून : रग्बी लीगचे १९९५ साल



रग्बी लीग म्हणजे थोडी कबड्डी, थोडी धक्काबुक्की! १८९५ साली हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात हा खेळ वेगळा निघाला. शनिवारी खेळणाऱ्या गिरणी-खाण कामगारांना बुडालेली मजुरी द्यावी की नाही, हाच मूळ वाद. शंभर वर्षांनी, ऑक्टोबर १९९५ मध्ये, वेम्बलीवर ऑस्ट्रेलियाने इंग्लंडला १६-८ हरवून विश्वचषक नेला. पण खरी लढत एप्रिलमध्येच झाली होती. मर्डोक यांच्या टीव्हीचा पैसा आला आणि कॅसलफर्ड, वेकफील्ड, फेदरस्टोन मिळून एकच संघ करायचा घाट घातला गेला. प्रेक्षक खवळले, बेत गुंडाळावा लागला. मात्र पैसा राहिला आणि १९९६ पासून हिवाळी खेळ उन्हाळी झाला.

वेळापत्रक बदलता येते, गावाचे नाव नाही. मंडळाची वर्गणी भरताना हे आठवावे!